जोडणी पूर्ण झाली, हे कशावरून म्हणायचे?

कोल्हापुरात इंटरनेट सेवेचा छोटा व्यवसाय सुरू करताना ठेक्यावर जोडणी करणाऱ्या मुलांना दर काय द्यावा, हा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटला होता. प्रत्यक्षात दर एका चहात ठरतो. वाद होतो तो काम पूर्ण झाले हे कोणी आणि कशावरून म्हणायचे, यावर.

पहिल्या वर्षी ग्राहकाच्या मोबाईलवर इंटरनेट दिसले की मी जोडणीमागे 400 रुपये मोजत असे. साहजिकच मुलांचा ओढा दिवसभरात जास्तीत जास्त घरे उरकण्याकडे असे. कनेक्टर बसवण्यापूर्वी फायबर नीट पुसले जात नसे, टोक तिरपे कापले जाई आणि खिडकीच्या कोपऱ्यात ड्रॉप केबल, म्हणजे खांबावरून घरात येणारी केबल, काटकोनात मुडपून खिळा ठोकला जाई. लाईट, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात मोजतात; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी ती चांगली. ती मायनस 26 डीबीएम इतकी कमी असली तरी ओएनयू, म्हणजे ग्राहकाच्या घरातली फायबरची पेटी, त्या दिवशी सुरू होई, कारण साधारण मायनस 27 पर्यंत तो तग धरतो; पुढे पावसाळा लागला की त्याच घरांतून तक्रारी येत आणि दुरुस्तीच्या फेऱ्यांचा खर्च माझ्या खिशातून जाई.

आता पॉवर मीटरवर, म्हणजे लाईट मोजायच्या यंत्रावर, मायनस 24 किंवा त्याहून चांगली लाईट दिसणारा फोटो आला की 300 रुपये त्याच आठवड्यात मिळतात आणि उरलेले 100 रुपये तीस दिवसांनी, जोडणीतील दोषाची तक्रार नसल्यास. उंदराने केबल कुरतडली किंवा रस्ता खोदताना ती तुटली, तर तो दोष मुलाचा धरायचा नाही, हेही लिहून ठेवावे लागले.

जोडणी न होता वाया गेलेल्या फेरीचेही पैसे द्यावेत, हे शहाणपण मला उशिरा आले. शिवाजी पेठेतील एका जुन्या वाड्यात आमच्याकडच्या एका जोडणी करणाऱ्या मुलाने दीडशे मीटर केबल ओढली आणि ऐन वेळी घरमालकाने भिंतीला भोक पाडू दिले नाही. जोडणी झाली नाही म्हणून मी त्याला काहीच दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्याकडे जाऊ लागला, आणि चूक माझीच होती. आता अशा फेरीचे 150 रुपये देतो. मुसळधार पावसात शिडी लावायला नकार दिला, तरीही देतो.

आमची भागीदारी संस्था आहे. त्यामुळे एका मुलाला एका वेळी 30,000 किंवा आर्थिक वर्षात एकूण 1,00,000 रुपयांपेक्षा जास्त ठेक्याची रक्कम गेली की 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापावा लागतो. पॅन नसेल तर कपात 20 टक्क्यांवर जाते, म्हणून पहिल्याच दिवशी पॅन मागून घ्यावा आणि कपात म्हणजे काय, हेही तेव्हाच समजावून सांगावे. नाहीतर मालकाने पैसे खाल्ले अशी कुजबुज सुरू होते.

उचलीला नाही म्हणता येत नाही. जोतिबाची यात्रा, गणपती, दिवाळी, बहिणीचे लग्न, कारणे खरीच असतात. मात्र उचल हिशेबात एकदम वळती केली, तर मुलाच्या हातात काहीच उरत नाही आणि तो येणेच बंद करतो. मी आठवड्याला जास्तीत जास्त चौथा हिस्सा वळता करतो.

शनिवारी संध्याकाळी माझी वही आणि मुलाची वही शेजारी ठेवून नोंदी जुळवतो. परवा एका मुलाकडे 17 जोडण्या निघाल्या, माझ्याकडे 16. फोटो तपासले तेव्हा राजारामपुरीतील एक जोडणी मीच लिहायची विसरलो होतो.