कंपासचं तोंड न बदलता काढायची आरशाची चांदणी

आधी कंपासचा स्क्रू आवळा, बाकीचं नंतर. मी बावीस वर्षं यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढली, त्यामुळे हात तयार आहे असा माझा समज होता. तरी पहिल्या चांदणीत वर्तुळावर कंपासने खुणा करत फिरताना सहावा टप्पा सुरुवातीच्या बिंदूवर येऊन बसलाच नाही, साडेतीन मिलिमीटर अलीकडेच थांबला. हिशेब मांडला तेव्हा कळलं, कंपासचं तोंड जेमतेम अर्धा मिलिमीटर मिटलं होतं. तेवढी चूक सहा वेळा साठत गेली.

हा नाद लागला तो मुनीर शाहरूदी फरमानफरमायान या इराणी कलाकाराच्या कामामुळे. मी त्यांना मनातल्या मनात मुनीरबाई म्हणते. जन्म इराणमधल्या काझवीनचा, शिक्षण न्यूयॉर्कचं. शिराझच्या शाह-चेराग दर्ग्यातलं छतापर्यंत आरशांनी मढलेलं दालन पाहून त्या भारावल्या आणि इराणची जुनी आईनाकारी, म्हणजे आरशाचे तुकडे जडवून नक्षी करण्याची कला, त्यांनी आजच्या अमूर्त कलेत आणली. आखणी त्यांची, काच कापणारे हात हाजी उस्ताद मोहम्मद नवीद यांच्यासारख्या मुरलेल्या कारागिरांचे. 1979 च्या क्रांतीनंतर त्यांना देशाबाहेर राहावं लागलं. 2004 मध्ये तेहरानला परतल्या तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या होत्या, तरी पुन्हा कार्यशाळा थाटली. षटकोन हा त्यांचा लाडका आकार, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू.

जाड पुठ्ठ्यावर पांढरा कागद चिकटवा. पट्टीवर मोजून कंपास 6 सेंटिमीटर उघडा आणि मधोमध वर्तुळ काढा. आता परिघावर कुठेही टोक रोवून खूण करा, त्या खुणेवर टोक ठेवून पुढची, असं करत फिरा. सहाव्या टप्प्याला सुरुवातीच्या बिंदूवर आलात तर पुढे जा. केसभरही चुकलं तर खोडरबराने जुळवून घेऊ नका, नवा कागद घ्या.

बिंदूंना क्रमाने 1 ते 6 आकडे द्या. 1, 3, 5 जोडा, मग 2, 4, 6 जोडा. एकमेकांत अडकलेले दोन त्रिकोण म्हणजेच सहा टोकांची चांदणी. शेजारशेजारचे बिंदू जोडले की बाहेरचा षटकोन मिळतो, आणि आत एक लहान षटकोन आपोआप तयार झालेला दिसेल. त्या लहान षटकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडून त्याचे सहा भाग करायचे. इथे बहुतेकांची गफलत होते: वर्तुळावरचे 1 आणि 4 जोडले जातात. ती रेघ आतल्या षटकोनाच्या कोपऱ्यातून जात नाही, बाजूच्या मध्यातून जाते. आतला षटकोन बाहेरच्याच्या मानाने 30 अंश फिरलेला असतो हे ध्यानात ठेवा.

आता तुकडे मोजा. आत सहा आणि टोकांचे सहा मिळून बारा समभुज त्रिकोण, शिवाय कडेला सहा पसरट त्रिकोण. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे अठराही तुकडे क्षेत्रफळाने सारखे आहेत. पसरट त्रिकोण डोळ्यांना मोठे वाटतात, पण आरसा तेवढाच लागतो. मी दोनदा ताळा केला.

काचेच्या वाट्याला जाऊ नका. 1 मिलिमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिक आरसा पुरतो, कटरने खोल चरा पाडून मोडता येतो. समभुज त्रिकोणाची उंची बरोबर 3 सेंटिमीटर येते, म्हणजे आपल्या त्रिज्येच्या निम्मी. त्यामुळे प्रत्येक तुकडा मोजत बसायची गरज नाही. 3 सेंटिमीटर रुंद आणि 24 लांब पट्टी कापा, 60 अंशांचा गुण्या एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने लावत चला, बाराच्या बारा निघतात. कडा पॉलिश पेपरवर हलक्या घासा, म्हणजे तुकड्यांमध्ये बारीक फट राहील. पसरट त्रिकोणांसाठी मात्र कागदाचा साचा करून घ्या.

चिकटवण्यात खरी मेख आहे. सगळे तुकडे सपाट लावले तर समोर रेघा मारलेला एक आरसा उरतो, त्यात तुमचं तोंड आणि पाठीमागचं कपाट. टोकांच्या सहा त्रिकोणांच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली 1 मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याची चिंधी ठेवा आणि आतली कड गोंदात दाबा. कल दोन अंशांच्या आसपास असतो, हाताला जाणवतही नाही. पण त्या सहा तुकड्यांत खोलीचा वेगवेगळा भाग येतो: एकात खिडकी, एकात दिवा, एकात नुसतं छत. समोरून कुणी गेलं की एक रंग या टोकातून त्या टोकात उडी मारतो. मधले सहा सपाटच ठेवा, नाहीतर नजरेला टेकायला जागा राहत नाही. हे माझं मत, मुनीरबाईंचा नियम नव्हे.

आरशावरची संरक्षक फिल्म सगळं वाळल्यावरच सोला. मी उतावीळपणे आधी सोलली आणि एका टोकावर गोंदाने भरलेला अंगठा उमटला. तेव्हापासून ती चांदणी ते टोक खाली करून टांगलेली आहे.