सीमाभागात धंदा काढताय? माहिती मराठीतून, नियम कर्नाटकाचा: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातला माणूस धंद्याची माहिती मराठीतून मिळवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे व्हिडिओ, पुण्या-मुंबईची पोर्टलं, कोल्हापूरच्या पाहुण्यांचे सल्ले, सगळं महाराष्ट्राच्या कायद्याला धरून असतं. अर्ज मात्र कर्नाटकाच्या टेबलावर जातो. इथल्या लहान उद्योजकांच्या बऱ्याच फायली अडकतात त्या याच कारणानं, आणि दोष मात्र सरसकट ‘आम्ही मराठी म्हणून अडवतात’ यावर ढकलला जातो. तसंही घडतं, नाही असं नाही. पण आधी आपला कागद बरोबर आहे ना, ते बघायला हवं.

ढोबळ हिशेब असा धरा: केंद्राची योजना दोन्ही राज्यांत सारखी, राज्याची योजना हद्दीपुरती, आणि परवाने जिथं शटर आहे तिथले.

गुमास्ता शोधत फिरणं

महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात दहापेक्षा कमी (२०२५ च्या दुरुस्तीनंतर वीसपेक्षा कमी) कामगारांच्या दुकानाला नोंदणी, म्हणजे तिथला ‘गुमास्ता’, लागत नाही, नुसती सूचना दिली की भागतं. हे वाचून इथला दुकानदार निर्धास्त होतो. कर्नाटकात १९६१ चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा चालतो आणि त्यात अशी सूट नाही. शहरातल्या दुकानाला सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कामगार खात्याकडं नोंदणी करावी लागते, तीही पाच वर्षांपुरती. कॉर्पोरेशनचं ट्रेड लायसन्स त्याहून वेगळं. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर पंचायतीचा परवाना, म्हणजे पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) चक्कर. एक कागद मिळाला म्हणजे दुसरा लागत नाही, हा गैरसमज इथं घट्ट बसलाय.

व्यवसाय कराचंही तेच. महाराष्ट्रात धंदेवाल्यानं वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात, कर्नाटकात ३० एप्रिलपर्यंत. कोल्हापूरच्या हिशेबनिसाला विचारून चालणारे दर वर्षी दोन महिन्यांचं व्याज उगाच भरतात.

‘उद्योगिनी’चं तर विचारूच नका. मराठी साइटवर ‘महिलांना तीन लाखांचं कर्ज’ असे मथळे फिरतात, जणू देशभरची योजना आहे. ही योजना कर्नाटक राज्य महिला विकास महामंडळाची. म्हणजे कोल्हापूरच्या वहिनींना ती मिळत नाही, खानापूरच्या वहिनींना मिळू शकते; आणि खानापूरच्या वहिनी मात्र ‘आपल्याला कुठली महाराष्ट्राची योजना’ म्हणून सोडून देतात. उलट बाजूनं, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतफेड महाराष्ट्राची आहे. तिथं बेळगावचा पत्ता चालत नाही. मराठा समाजासाठी कर्नाटकाचं वेगळं महामंडळ आहे, चौकशी तिकडं करा. नात्यातल्या कुणाचा महाराष्ट्रातला कुणबी दाखला जोडून इथं काहीच साधत नाही. इथं मराठा मागासवर्गाच्या ३बी गटात मोडतो आणि दाखला इथल्या तहसीलदाराचाच लागतो.

हद्दीपलीकडं माल: सगळ्यात महागडी चूक

समजा, बेळगाव शहरातला एक कुंदेवाला, म्हणजे इथली कुंदा ही मिठाई विकणारा, आहे. वर्षाची उलाढाल पंचवीस लाख. माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख, म्हणून त्यानं नोंदणी केलेली नाही. तो पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला डबे पाठवतो, नियमात बसतं. तोच कुंदा त्यानं विसेक किलोमीटरवरच्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात येणाऱ्या शिनोळीतल्या दुकानात पोचवला की मर्यादा संपली. राज्याबाहेर करपात्र मालाचा पुरवठा करणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची आहे. तेवीस हजारांचा माल असो की तेवीसशेचा.

‘अहो मामा, चंदगड म्हणजे काय परमुलूख आहे का?’ असं माणूस म्हणतो. नात्यानं नाही, पण जीएसटीच्या लेखी बेळगावचा राज्य क्रमांक २९ आणि चंदगडचा २७.

यावर कुणीतरी तोडगा सुचवतो, ‘कंपोझिशन (लहान धंद्यांना उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरायची योजना) घे, एक टक्क्यात सुटशील.’ कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. बाहेरून कच्चा माल आणायला हरकत नाही, विकायला आहे. ज्याचं निम्मं गिऱ्हाईक कोल्हापूर, सावंतवाडी, पणजीत आहे, त्यानं या योजनेच्या वाटेला जाऊ नये. ताज्या भाजीपाल्याला करच नाही. त्यामुळं पहाटे गोव्याला भाजी भरणाऱ्यांना ही कटकट नाही. लोणचं, फरसाण, कुंदा भरणाऱ्यांना आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांची चूक आणखी बारीक असते. कास्टिंग मशिनिंगला शिनोळीच्या एमआयडीसीत जातं. माल पन्नास हजारांच्या आत, म्हणून ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढत नाहीत. ५० हजारांची सवलत नेहमीच्या मालाला आहे. एका राज्यातल्या मालकानं दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला पाठवलेल्या मालाला किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागतं. सोबत डिलिव्हरी चलन. आणि तो माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. ड्रायव्हरच्या हातात नुसती चिठ्ठी देऊन टेम्पो सोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: अडवल्यावर दंड मजुरीच्या रकमेवर ठरत नाही, मालाच्या हिशेबानं ठरतो.

शिनोळीत गोडाऊन घेतलं तर महाराष्ट्राची वेगळी जीएसटी नोंदणी लागेल. केंद्राकडच्या ‘उद्यम’ या लघुउद्योग नोंदणीचं नेमकं उलट आहे. ती पॅनवर चालते, एका उद्योगाला एकच. दोन्ही राज्यांतले पत्ते त्याच नोंदणीत घालायचे. दोन ‘उद्यम’ काढून बसलेले पुढं बँकेत अडकतात. ही नोंदणी फुकट आहे आणि तिला नूतनीकरण नाही. ‘तुमचं उद्यम संपतंय, २,९९९ भरा’ असा फोन आला की सरळ ठेवून द्या.

पीएमईजीपी: मंजुरीआधीच मशीन घेणं

पीएमईजीपी म्हणजे केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. या योजनेत उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात १५, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक वगैरेंना २५ आणि ३५ टक्के. ग्रामपंचायतीची हद्द म्हणजे ग्रामीण, नगरपालिकेची म्हणजे शहरी. म्हणून बेळगावजवळच्या उचगाव खेड्यात शेड घातलं तर आणि बेळगाव शहरातल्या शहापुरात घातलं तर दहा टक्क्यांचा फरक पडतो. तीस लाखांच्या प्रकल्पाला तीन लाख. जागा ठरवण्याआधी हे बघायचं असतं. भाडेकरार झाल्यावर पश्चात्तापाखेरीज हाती काही उरत नाही.

योजना फक्त नव्या उद्योगाला आहे. दिवाळीचा मुहूर्त साधून मशीन आधी आणलं, वीज जोडली, दोन बिलं फाडली, की तो चालू उद्योग झाला. जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावानं दोन अर्ज चालत नाहीत. दहा लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पासचा दाखला हवा.

अनुदान हातात मिळत नाही, ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकवलेलं असतं. उद्योग तोपर्यंत नीट चालला तर कर्जात वळतं होतं. ‘सबसिडी आली की उधारी भागवीन’ म्हणणाऱ्यानं गणित नव्यानं मांडावं. योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, त्यामुळं अर्जाचे पैसे कुणालाही देण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात सध्याची स्थिती विचारून घ्या.

नावाचा घोळ

शाळेचा दाखला मराठी शाळेचा, रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत. दाखल्यावर गणपती, आधारवर ‘गणपति’चं वेगळंच स्पेलिंग, पॅनवर वडिलांचं नाव गायब, आणि उताऱ्यावर आजोबांचं नाव अजून तसंच. माणसाला यात काहीच वावगं दिसत नाही, संगणकाला चार माणसं दिसतात. पीएम विश्वकर्मा या पारंपरिक कारागिरांच्या केंद्रीय योजनेचे अर्ज तर आधारच्या बोटाच्या ठशावर चालतात आणि पहिली पडताळणी पंचायत किंवा पालिकेत होते. ज्याचं आधार माहेरच्या किंवा मूळ गावच्या पत्त्यावर, पण काम निपाणीत, त्याची ओळख तिथं कोण पटवणार? आधी आधार दुरुस्त करा, मग त्याबरहुकूम पॅन, मग बँक खातं. क्रम उलटा केला की तीच दुरुस्ती दोनदा करावी लागते.

विश्वकर्मात १८ पारंपरिक कामं आहेत. चांभारकाम आहे, म्हणून निपाणी-अथणीकडच्या कोल्हापुरी चप्पल कारागिरांनी ती सोडू नये: आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख, पाच टक्के व्याजानं, शिवाय अवजारांना १५ हजार. बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातले यंत्रमागवाले मात्र या यादीत नाहीत. ‘विणकर’ शब्द बघून अर्ज भरणाऱ्यांचे पैसे सायबर कॅफेवालाच खातो. चप्पलवाल्यांसाठी आणखी एक: कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ चं आहे आणि ते महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर यांचंही आहे. पण त्याचा शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं.

पाटी

कर्नाटकाच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, तेही वरच्या भागात. उरलेल्या जागेत मराठी लिहायला बंदी नाही. या नियमाबद्दल काय वाटतं ते ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या मते भाषेची लढाई ज्या व्यासपीठावर लढायची तिथं लढावी, लायसन्सच्या नूतनीकरणाच्या खिडकीवर नव्हे. नवी पाटी रंगवायला देण्याआधी मजकुराची मांडणी कागदावर काढून घ्या, मराठी अक्षरं ठसठशीत बसवता येतात.

कामावर माणूस ठेवताना

‘चंदगडचा पोरगा कामाला घेतला तर परमिट लागतं का?’ हा प्रश्न इथं हमखास येतो. लागत नाही. देशात कुठंही राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमातला आहे, मग तो चंदगडचा असो, बिहारचा असो, की गोव्यात कामाला जाणारा खानापूरचा.

गोंधळ झाला तो जुलै २०२४ मध्ये. खासगी नोकऱ्यांत व्यवस्थापनात ५० आणि इतर कामांत ७० टक्के स्थानिक, असं विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळानं मंजूर केलं आणि ओरड होताच दोन दिवसांत बाजूला ठेवलं. तो कायदा झालाच, असं समजून काहींनी पोरांना परत पाठवलं. खरी अट वेगळीच आहे: कर्नाटकाच्या औद्योगिक धोरणाखाली सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ७० टक्के स्थानिक घ्यावेत. आणि स्थानिक म्हणजे सरोजिनी महिषी समितीच्या व्याख्येनं राज्यात १५ वर्षं राहिलेला आणि कन्नड येणारा. मातृभाषा मराठी असलेला, कन्नड शिकलेला बेळगावचा पोरगा यात पूर्ण बसतो. त्याचा रहिवासी दाखला आणि शाळेचा कागद फायलीत ठेवा म्हणजे झालं.

पलीकडं शिनोळीत कामाला जाणाऱ्यांना उलटा अनुभव येतो. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानं अशा उद्योगांत ८० टक्के स्थानिक, म्हणजे तिथले १५ वर्षांचे रहिवासी. ‘आम्ही ८६५ गावांतले’ (महाराष्ट्र ज्यांच्यावर हक्क सांगतो ती सीमाभागातली गावं) हे तिथं उपयोगी पडत नाही. ती सवलत महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीसाठी आहे, कारखान्यासाठी नव्हे.

कागद लागतो तो नेमणूकपत्राचा. कर्नाटकाच्या दुकान कायद्यात तो ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तो सगळ्याच कामगारांसाठी सक्तीचा केला. किमान वेतनाचा महागाई भत्ता इथं दर १ एप्रिलला बदलतो. कोल्हापूरचा तक्ता लावू नका.

रोख पगार देणाऱ्यांचं मोठं नुकसान होतंय ते वेगळंच. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळातल्या नव्या नेमणुकांवर केंद्राची विकसित भारत रोजगार योजना मालकाला माणसामागं महिन्याला तीन हजारांपर्यंत देते, दोन वर्षं. उत्पादन क्षेत्रात चार वर्षं. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर निदान दोन जादा माणसं घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या कामगाराला १५ हजारांपर्यंत मिळतात, दोन हप्त्यांत. पण पीएफचं रिटर्न नाही, कामगाराचा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) नाही, तर यातलं काही नाही.

फाईल अडलीच तर

कर्नाटकात सरकारी सेवा ठरल्या मुदतीत देण्याचा २०११ चा सकाल कायदा आहे. यादीतल्या सेवेचा अर्ज दिला की पावतीवर सकाल क्रमांक मिळायला हवा. तो न घेता निघणं ही शेवटची आणि अगदी साधी चूक. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर त्याच क्रमांकावर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं, उशिराला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० पर्यंत भरपाईची तरतूद आहे. अर्ज का फेटाळला ते लेखी मागा. कन्नडमध्ये दिलं तर घरी आणून कन्नड येणाऱ्याकडून नीट वाचून घ्या. आणि तक्रार ‘आपले सरकार’ पोर्टलवर टाकू नका. ते मुंबईला जातं, बेळगावच्या टेबलावर येत नाही.