प्रसूतीवरची देखरेख शिकवताय? या चुका टाळा

पार्टोग्राफ, म्हणजे कळा देणाऱ्या बाईची आणि बाळाची प्रगती टिपायचा आलेखाचा कागद, शिकवायचा म्हणजे फुल्या आणि ठिपके कुठे मारायचे ते दाखवायचं, असा बऱ्याच प्रशिक्षकांचा समज असतो. अर्ध्या दिवसात आलेख, चाचणी, प्रमाणपत्र. पुढे वॉर्डात बघावं तर कळा चालू असेपर्यंत कागद कोरा आणि प्रसूती झाल्यावर शिगोशीग भरलेला.

हे मागाहून भरणं माझ्या अगदी डोक्यात जातं. एका प्रसूतिगृहात फायली चाळत होते. एका कागदावर बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला १४०, १४०, १४०, सगळे एका दमात लिहिलेले. साडेचार वाजता गर्भपिशवीचं तोंड ८ सेंटिमीटर उघडल्याची फुली होती. जन्मनोंदीच्या वहीत बाळ चार वाजून दहा मिनिटांनी जन्मलेलं! सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, फाइल अपुरी ठेवली तर बोलणी बसतात." रात्रपाळीला त्या एकट्या आणि कळा देणाऱ्या बायका तीन. वरून तपासणीला येणारे कागद भरलाय का एवढंच बघणार, आलेखाने धोक्याची रेघ ओलांडल्यावर काय केलंत हे विचारणार नाहीत. मग दुसरं काय होणार?

म्हणून मी कागद टेबलावर ठेवूच देत नाही. तो खाटेशी, पेन दोरीने बांधलेलं. प्रत्येक नोंदीनंतर माझा एकच प्रश्न: "मग आता काय?" जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये, म्हणजे नव्या पार्टोग्राफमध्ये, मूल्यमापन आणि पुढची योजना लिहायला रकानेच आहेत. जुना कागद असेल तिथे मी ते हाताने आखून घेते.

दुसरी चूक बाळाच्या ठोक्यांची. डॉपलर (ठोके ऐकायचं यंत्र) लावला, टकटक आली, आकडा लिहिला. पण ती टकटक आईच्या नाडीची असली तर? कळांच्या जोरात आईची नाडीही १२० वर जाते आणि कागदावर बाळ ठणठणीत दिसतं. ऐकताना दुसरा हात आईच्या मनगटावर हवाच. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणारे तर मला अजिबात चालत नाहीत. पूर्ण एक मिनिट ऐका, कळ चालू असताना आणि ती ओसरल्यावर निदान तीस सेकंद. धोक्याची घसरण बहुतेकदा तिथेच सापडते.

नवशिक्यांना घाई असते ती आतून तपासायची. बाई आली की आधी हातमोजे! सगळं सुरळीत असेल तर चार तासांनी एकदा पुरतं. पाणमोट फुटल्यावर उगाच केलेली प्रत्येक तपासणी म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण.

पिशवीचं तोंड किती उघडलं ते बोटांत सांगू नका, सेंटिमीटरमध्ये सांगा.

कळा बाईला विचारून लिहू नका. पोटावर हात ठेवून दहा मिनिटं मोजा. कंटाळा येतो, येऊ द्या.

जुन्या कागदावर सक्रिय टप्पा (तोंड भराभर उघडू लागतं तो) ४ सेंटिमीटरला सुरू होतो, नव्या गाइडमध्ये ५ ला. एकाच वर्गात दोन्ही शिकवलेत तर गोंधळ ठरलेला. त्याआधीच आलेख सुरू केला की प्रत्येक बाई 'रखडलेली' दिसते आणि कुणीतरी कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन लावून मोकळं होतं.

वार पडली म्हणजे काम संपलं, असंही नाही. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तस्राव आणि पोटावरून पिशवी घट्ट आहे का, हे बघा.

आणि बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवताना पार्टोग्राफ तिच्याबरोबर द्या. तो आपल्याच फायलीत लावून ठेवला, तर तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.