ओढ्यात जीवाश्म सापडला? या चुका टाळा

पावसात काठ ढासळले की माझ्या फोनवर दगडांचे फोटो यायला लागतात. शेजारी ना नाणं, ना पट्टी. वस्तू सुपारीएवढी आहे की भोपळ्याएवढी, हे मी ओळखायचं. खाली एकच प्रश्न: "काका, डायनोसॉर का?"

बहुतेक वेळा नाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांत सगळीकडे काळा पाषाण, म्हणजे निवालेला लाव्हा. त्यात हाडं कुठून येणार? हा दगड झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, आत गुळगुळीत गोटा उरतो, आणि घरी 'अंडं' म्हणून येतो. याउलट चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला लाव्हाच्या आधीचा गाळ उघडा पडलाय. तिथे डायनोसॉरची हाडंच काय, दगड झालेली विष्ठाही मिळते. धार जिल्ह्यातल्या पाडल्यात कुलदैवत म्हणून पुजलेले गोटे टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरची अंडी निघाले, ही बातमी २०२३ची. तेव्हापासून तर प्रत्येक गोट्याला भाव आलाय! म्हणून मी दगड बघण्याआधी विचारतो, कुठला ओढा, काठातला थर कसला, थरातून काढला की पाण्यात वाहून आलेला? "आठवत नाही" म्हणालात की अर्धी ओळख तिथेच बुडाली. मी स्वतः आधी काठाचा फोटो काढतो, मग दगड उचलतो, आणि त्याच्याच पिशवीत चिठ्ठी टाकतो.

दगडावर फर्नची नक्षी? बहुधा मँगनीजच्या खनिजाची, झाडाची नव्हे. पानाला मधली शीर असते, ती शोधा.

जिभेला चिकटतं ते हाड, हा मंत्र विसरा. कोरडी चिकणमातीही चिकटते. शिवाय ओढ्याच्या वर गोठे असतात.

आता ज्या चुकीने माझी झोप उडवली ती. मराठवाड्यात गोदावरीला मिळणाऱ्या एका ओढ्यात एका पोराला पिवळ्या गाळात काहीतरी दिसलं. फोटोत एकाला एक लागून उभ्या पट्ट्या होत्या. हत्तीची दाढ! पैठणच्या बाजूला हिमयुगातल्या हत्तींचे अवशेष एकोणिसाव्या शतकापासून सापडतात, त्यामुळे शंकाच नव्हती. मी लिहिलं, "हात लावू नकोस, रविवारी येतो." पण पोराला रविवारपर्यंत दम कुठला! वर चुन्याचा कंकर घट्ट बसलेला, तो काढायला त्याने दाढ संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये बुडवली. यूट्यूबवर बघितलं म्हणे. कंकर विरघळला खरा, पण ज्याने त्या पट्ट्या एकमेकींना धरून ठेवल्या होत्या तो भागही खाल्ला गेला. मी पोचलो तेव्हा बादलीच्या तळाशी सुट्या चकत्या आणि राखाडी लगदा. पोरगं रडवेलं झालं होतं, म्हणून बोललो नाही. इथे बोलतो: ॲसिड नको, व्हिनेगर नको, तारेचा ब्रश नको. मी आठवडाभर सावलीत वाळू देतो, मग बांबूची काडी आणि जुना दात घासायचा ब्रश. कंकर निघाला नाही तर राहू दे, तो कोणाचं काही खात नाही.

फेव्हिक्विक आणि वॉर्निशचंही तेच. चमकदार दिसतं, पण पुढे तपासणाऱ्याला आधी तुमचा लेप खरवडावा लागतो.

मोठं हाड काठात अडकलेलं दिसलं तर कुदळ घरीच ठेवा. फोटो, जागेचं लोकेशन, वर थोडी माती, आणि पुण्यात डेक्कन कॉलेज किंवा नागपुरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. उत्तर यायला वेळ लागेल. ते हाड हजारो वर्षं थांबलंय, तुम्ही दोन महिने थांबा.