परिसरातली अन्नपेढी: पिशवीचं गणित, साठा आणि शिजवलेलं अन्न

अन्नपेढी काढायची म्हटलं की पहिलं आवाहन निघतं ते धान्य गोळा करण्याचं. खोली भरते, आणि मग प्रश्न पडतो की हे द्यायचं कुणाला, किती आणि कधी. क्रम उलटा ठेवावा: आधी घरं, मग पिशवी, मग साठा.

घरोघरी विचारायच्या गोष्टी चारच आहेत. माणसं किती, आणि त्यांत पाच वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, म्हातारं माणूस आहे का. महिन्याच्या कोणत्या दिवसांत डबे रिकामे पडतात. शिजवायला शेगडी, इंधन, भांडी, पाणी आहे का. आजारपण, अ‍ॅलर्जी किंवा धर्म यांमुळे काय चालत नाही. उत्पन्नाचा दाखला मागू नका. दाखल्यामुळे लबाड माणूस अडत नाही, लाजरा मात्र अडतो.

तिसरा प्रश्न हमखास विसरला जातो. ज्या घरात इंधनच नाही, तिथे दिलेलं कोरडं धान्य एक तर पडून राहतं, नाहीतर विकलं जातं. त्याचा दोष त्या घराला देऊ नये. अशा घरांची यादी वेगळी ठेवून त्यांना शिजवलेलं जेवण किंवा न शिजवता खाता येणारे जिन्नस द्यावेत.

पिशवीत किती?

मदतकार्यात नियोजनासाठी माणशी रोज २१०० किलोकॅलरी धरतात. लहानमोठे सगळे मिळून काढलेली ही सरासरी आहे. ढोबळ रोजचा शिधा असा बसतो: धान्य ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ६० ग्रॅम, तेल ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. यातून १९०० किलोकॅलरीच्या आसपास मिळतात. उरलेलं भाज्या, फळं, अंडी, शेंगदाणे यांतून यायला हवं, आणि खरी अडचण तिथेच असते. पैसे आटले की स्वयंपाकघरातून आधी हेच जिन्नस जातात, मग डाळ पातळ होते. पोट भरण्यापुरतं धान्य बहुतेक घरं कसंबसं मिळवतात. म्हणून पैसे थोडे असतील तेव्हा धान्याचं पोतं वाढवण्याआधी डाळ ६० वरून ८० ग्रॅमवर न्यावी. प्रथिनांचे जे घटक शरीराला अन्नातूनच मिळवावे लागतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी असतं, मेथिओनिन डाळींत कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनांची उणीव भरून निघते.

पहिल्याच आठवड्यापासून पूर्ण गरज भागवायला जाऊ नका. निम्मी भागवा, पण न चुकता. पिशवी येणारच अशी खात्री असेल तर घर आपले पैसे भाजीकडे, औषधाकडे वळवतं. खात्री नसेल तर मिळालेलं धान्य दडवून ठेवतं. निम्म्या गरजेच्या हिशेबाने चौघांच्या घराला आठवड्याला धान्य ५.६ किलो, डाळी ८४० ग्रॅम आणि तेल ४२० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी. अशा ३० घरांना दर आठवड्याला १६८ किलो धान्य, २५.२ किलो डाळी आणि १२.६ किलो तेल लागतं. मीठ आयोडीनयुक्त घ्यावं आणि आठवड्याला पुड्या बांधत बसण्यापेक्षा महिन्याला एकदाच घरटी ३०० ग्रॅम द्यावं.

हे आकडे हातात आले की आवाहन नेमकं करता येतं. ‘जे जमेल ते द्या’ म्हटलं की लोक कपाटातलं नको असलेलं देतात: गोड पदार्थ, मुदत संपत आलेली पाकिटं, एकेक नग. एका इमारतीकडे किंवा गल्लीकडे एकच जिन्नस मागावा, कुणाकडे फक्त डाळ, कुणाकडे फक्त तेल. त्याहून बरं म्हणजे रोख रक्कम. घाऊक खरेदी स्वस्त पडते आणि तूट नेमकी भरता येते.

साठा

पोती जमिनीवर टेकवू नयेत. १५ सेंटिमीटर उंच फळ्यांवर, भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर लांब रचावीत. भिंतीची ओल धान्यात उतरत नाही, झाडू फिरतो आणि उंदरांच्या लेंड्या वेळीच दिसतात. प्रत्येक पोत्यावर आल्याची तारीख ठळक लिहावी. जुनं पुढे, नवं मागे. सामान आणणारा माणूस घाईत नवं पुढेच टेकवून जातो, म्हणून उतरवून घ्यायला एक माणूस नेमावा.

किडे आणि बुरशी यांत गल्लत करू नका. थोडे किडे लागलेलं धान्य ऊन देऊन, चाळून वापरता येतं. बुरशी लागलेलं धान्य किंवा शेंगदाणे निवडून वापरता येत नाहीत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. ते यकृताला घातक असतं आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. गुरांनाही घालू नये. फुगलेला, गळणारा किंवा सांध्यावर चेपलेला डबाबंद पदार्थ न उघडता टाकून द्यावा.

पाकिटावर ‘या तारखेपूर्वी उत्तम’ असेल तर तारीख उलटल्यावर चव-कुरकुरीतपणा कमी होतो, कोरडा पदार्थ लगेच बाद होत नाही. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ असेल तर तारखेनंतर द्यायचा नाही, कितीही ताजा दिसला तरी.

शिजवलेलं उरलेलं अन्न

समारंभातलं उरलेलं जेवण घ्यावं का? घ्यावं, पण घड्याळ आणि तापमापक हाताशी असेल तरच. ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. या पट्ट्यात अन्न दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर नको म्हणा. हवा ३२ अंशांवर असेल तर एकच तास धरा. वासावर विसंबू नका. विषबाधा करणाऱ्या अन्नाला बहुधा वास येतच नाही.

सगळ्यांत फसवा पदार्थ भात. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, शिजवूनही टिकतात. भात कोमट राहिला की ते अंकुरतात आणि जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. मोठ्या पातेल्यातली आमटी किंवा रस्सा हे दुसरं संकट. वरून गार लागतो, पण मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नये. पसरट थाळ्यांत ५ सेंटिमीटरहून कमी थर करून, थाळ्या गार पाण्यात ठेवून ढवळावं. दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर यायला हवं. वाटण्याआधी मध्यभागी ७४ अंश होईपर्यंत गरम करावं, तेही एकदाच. त्यानंतर उरलं तर टाकावं. टाकवत नाही हे खरं, पण विषबाधेची एक घटना पेढी कायमची बंद पाडू शकते.

डब्यावर चार गोष्टी लिहा: पदार्थ, शिजवल्याची वेळ, दूध-शेंगदाणे-गहू यांसारखे घटक, आणि कधीपर्यंत खावं.

वाटप

बांधलेल्या पिशव्यांपेक्षा टेबलावर मांडलेले जिन्नस बरे. प्रत्येक प्रकारातून किती घ्यायचं ते ठरवून द्यावं आणि कुठलं ते घेणाऱ्याने निवडावं. नको असलेलं घरी नेऊन फेकलं जात नाही, आणि काय उचललं जात नाही ते आपल्यालाही कळतं. रांग टाळायला दर १५ मिनिटांना पाच घरं अशी वेळ द्यावी. मजुरी बुडू नये म्हणून आठवड्यातला एक वाटपाचा वेळ संध्याकाळी हवाच. फोटो काढायचे नाहीत, अगदी देणगीदाराने मागितले तरी. त्याला नोंदवहीतले आकडे दाखवा.

तान्ह्या बाळांसाठी दुधाची पावडर किंवा बाटल्या वाटू नका. पाणी स्वच्छ नसलं की जुलाब लागतात, आणि फुकट पावडर मिळाली की अंगावरचं दूध तुटतं. त्याऐवजी आईचा शिधा वाढवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पायांना सूज दिसली, तर ते मूल त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. अशा मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणं जिवावर बेतू शकतं.

साठा कमी पडला तर काही घरं वगळू नका. सगळ्यांचा वाटा सारख्या प्रमाणात कमी करा आणि निदान आठवडाभर आधी तसं सांगा. कात्री आधी धान्याला लावा, डाळ आणि तेल शेवटी.