जुनी कंबरदुखी कमी करायची तर आधी ब्रेनस्टेम समजून घ्या

आमच्या रावेरकडे केळीची गाडी भरताना नानांच्या पोटरीला विळा लागला, पण माल भरून होईपर्यंत त्यांना पत्ताच नाही, रक्ताने चप्पल चिकचिकली तेव्हा खाली बघितलं आणि मग जी कळ सुरू झाली ती रात्रभर. तेच नाना आता दोन वर्षांपासून कंबर धरून बसतात, एमआरआयमध्ये मोठं काही निघालं नाही. पण दुखणं दोन्ही वेळा खरंच, घरातल्या माणसाला "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असं कधीच म्हणू नका भो.

होतं काय, की जखमेचा सिग्नल कण्यातून वर जातो तसा ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या बुंध्यातून, खाली हुकूमही येतो. तिथे पीएजी नावाचा भाग आहे, तो त्याच्या खालच्या आरव्हीएम नावाच्या भागाला कामाला लावतो, आरव्हीएममधल्या ऑफ पेशी चालल्या की सिग्नल कण्यातच दबतो आणि ऑन पेशी चालल्या की तोच वाढतो. पाटाचं पाणी आपण मातीने अडवतो नाहीतर सोडतो, तसंच. १९६९ मध्ये रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने उंदरांच्या पीएजीला बारीक करंट देऊन भूल न देता पोटाचं ऑपरेशन केलं होतं!

आता करायचं काय. पायातली ताकद गेली, लघवी अडकली, ताप येतो, वजन उतरतं, तर हे वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. ते नसेल तर पहिली झोप सुधारा, जागरणाने दुखणं खरंच वाढतं. मग रोज चालायचं, पण घड्याळ लावून, दुखेल तोपर्यंत नाही. नानांना आम्ही बांधापर्यंत सात मिनिटं चालवायचो, सोबत कोणीतरी गप्पा मारत, कारण लक्ष आणि भीती दोन्ही पीएजीपर्यंत पोचतात. भरवशाचंही तसंच, १९७८ मध्ये दाढ काढलेल्या पेशंटवर प्रयोग झाला, नुसत्या खोट्या औषधाने ज्यांना आराम पडला त्यांचा आराम नॅलोक्सोन, म्हणजे अफूचा असर रोखणारं औषध, दिल्यावर गेला, म्हणजे शरीर स्वतःचंच अफूसारखं रसायन सोडत होतं. म्हणून "मणका झिजला, आता संपलं" असं त्यांच्यासमोर बोलू नका.

ड्युलोक्सेटिन लिहून दिलं तर "डिप्रेशनची गोळी" म्हणून घाबरू नका, वरून खाली येणाऱ्या याच वाटेला ती जोर देते, फक्त मनाने एकदम बंद करायची नाही. आणि चालल्यावर कळ वाढली तर दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं कमी करा, पण खाटेवर पडून राहू नका.