व्हिटॅमिन कमी पडतंय हे ओळखताना या चुका टाळा

माझ्या आईच्या पायातली चप्पल चालता चालता निसटायची आणि तिला कळायचंच नाही, मागून कुणीतरी हाक मारायचं, काकू चप्पल राहिली! आम्हाला वाटलं सैल झाली असेल, लक्ष्मी रोडवरून नवीन आणली, तर तीही निसटायला लागली. मग तळपायाला मुंग्या, आणि बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. सगळे म्हणाले वय झालं, एका डॉक्टरांनी तर मानेला पट्टा दिला. शेवटी बी१२ तपासलं तर ९० निघालं, २०० च्या खाली गेलं की कमतरता धरतात. जन्मभर शाकाहारी, आणि दूध काय ते चहात पडेल तेवढंच.

पहिली चूक हीच, की आपण थकवा येण्याची वाट बघत बसतो. बी१२ लिव्हरमधे काही वर्षं पुरेल एवढं साठलेलं असतं, त्यामुळे ते हळूहळू संपतं आणि लक्षणंही चोरपावलांनी येतात. मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत होऊन तिखट झोंबणं, बोटांचे सांधे वरून काळे पडणं, विसराळूपणा, चिडचिड. आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रक्त नीट असतानाही नसा खराब होत असू शकतात. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच, त्याने रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं.

हे पुण्यात फार आहे हो. इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात जवळपास दोनतृतीयांश जणींचं बी१२ कमी निघालं, फॉलेट, म्हणजे पालेभाजीतलं फॉलिक अ‍ॅसिड, मात्र जवळजवळ सगळ्यांचं ठीक होतं. म्हणजे पालेभाजी पोटात जात होती, पण पालेभाजीत किंवा मोडाच्या मटकीत बी१२ नसतंच. ते दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मटण यातच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. जरा मुंग्या आल्या की मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्स आणायचं, पंधरा दिवस खायचं आणि मग टेस्ट करायची. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरा आजार झाकला जातो. आधी रक्त द्या, मग गोळी. शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, दोन्हींनी बी१२ कमी होऊ शकतं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

व्हिटॅमिन डी चं वेगळंच. सकाळी सहाला पर्वती चढतो, मला कसं डी कमी, असं म्हणणारे घरोघरी आहेत, पण कोवळ्या उन्हात डी फारसं बनत नाही, ते साधारण ११ ते ३ च्या उन्हात बनतं, आणि त्या वेळी आपण ऑफिसात काचेआड नाहीतर गाडीवर स्कार्फ आणि सनकोटात. कंबर, नडग्या दुखतात, जिना चढताना मांड्या भरून येतात. मग ६०,००० युनिटचं पाकीट लिहून देतात, ते बहुतेकदा आठवड्याला एक असतं, रोज नाही!! रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या आणि किडनीला त्रास होऊ शकतो.

नखांवरचे पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हे सोडून द्या, बहुतेकदा तो नखाला लागलेला मार असतो.

पण तोल जातोय, चप्पल निसटतेय, तर त्याच आठवड्यात दाखवा. इंजेक्शनं सुरू झाल्यावर सहा महिन्यांत आईचा तोल सावरला, आता ती एकटी मंडईत जाऊन येते. अंगठे मात्र अजून बधिरच आहेत, आम्ही दोन वर्षं चपला बदलण्यात घालवली ना.